मामाचं पाणबुड्याचं घड्याळ: पॉलिश करू की हात लावू नको?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी. घड्याळातलं मला वेळेपलीकडे काही कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

माझे मामा व्यापारी बोटीवर इंजिनियर होते. घर इंदूरला, रामबागेत. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले पोहे-जिलेबीवर. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात मामीने कपाट आवरायला काढलं आणि हातरुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ माझ्या हातावर ठेवलं. "तुझ्या मामाचं पाण्यातलं घड्याळ. तूच ठेव."

सिको आहे. काळी डायल, भोवती फिरणारी काळी कड, तिच्यावर मिनिटांचे आकडे. केस कासवाच्या पाठीसारखी फुगीर. किल्ली तीनवर नाही, चारवर. डायलवर १५० मीटर असं लिहिलंय. मागच्या झाकणावर ६३०९-७०४० आणि खाली एक सहा आकडी नंबर आहे, तो ८३ ने सुरू होतो. काट्यांवरचा आणि ठिपक्यांवरचा पांढरा रंग सायीसारखा पिवळट झालाय. बाकी ओरखडे जवळजवळ नाहीतच. रबरी पट्टा मात्र हातात घेताच तुटला.

अडचण अशी की पन्नासेक वेळा किल्ली फिरवूनही ते चालू होत नाही. एका दुकानात दाखवलं. मालक म्हणाले, "मशीन साफ, नवी डायल, नवी कड, केसला पॉलिश. आरशासारखं करून देतो." मामी म्हणते कर, चकचकीत दिसेल. बायको म्हणते विकून टाक. मी माझ्या नावाला जागून तळ्यात-मळ्यात.

काय करू?

एकओळ

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. तिथे १५० मीटर खोलीचं घड्याळ. आधी खड्डा खणा.

जुनीकिल्ली

थांबा थांबा थांबा! त्या दुकानात पुन्हा जाऊ नका. गेलात तरी घड्याळ घरी ठेवून जा.

आधी साधी गोष्ट. ६३०९ या मशीनला किल्ली देता येत नाही. ते फक्त हाताच्या हालचालीने चालतं, किल्ली आहे ती वेळ आणि तारीख लावण्यापुरती. तुम्ही पन्नास काय, पाचशे वेळा फिरवली असती तरी काही झालं नसतं. म्हणजे 'बंद पडलंय' हे अजून सिद्धच झालेलं नाही.

आता मुख्य प्रश्न. ही मंडळी १९७६ ते १९८८ या काळात बनली. जपानबाहेर भरपूर विकली गेली, त्यामुळे दुर्मीळ वगैरे नाहीत. दुर्मीळ आहे ते तुमच्याकडच्यासारखं जसंच्या तसं राहिलेलं नग. या घड्याळांनी खरोखर काम केलंय. खलाशी, मच्छीमार, तेलविहिरींवरची माणसं यांच्या मनगटावर ती झिजली. मग कोणी डायल बदलली, कोणी काटे, कोणी कड. आज बाजारात दिसणाऱ्या कित्येक ६३०९ मध्ये केस एकाची, डायल दुसऱ्याची आणि काटे कालच्या पार्सलमधले असतात. आम्ही त्याला खिचडी म्हणतो.

तुमच्या घड्याळाची किंमत त्या पिवळट रंगात आहे. तोच पुसायला निघालात!

सराफ्यातलाखवय्या

खिचडीला नावं ठेवू नका भिया. इंदुरात साबुदाण्याची खिचडी रात्री बारालाही मिळते, आणि ती ओरिजनलच असते.

तळ्यातमळ्यात

@जुनीकिल्ली, तुमचं वाचून घड्याळ हातात घेतलं, चार वेळा हलवलं आणि चक्क सुरू झालं! मामी स्वयंपाकघरातून धावत आली. दहा मिनिटं चालून थांबलं. अजून हलवू का?

जुनीकिल्ली

नका! माझीच चूक, पुढचं आधी सांगायला हवं होतं. इतकी वर्षं पडून राहिलेल्या मशीनमधलं तेल एक तर सुकलेलं असतं, नाही तर डिंक झालेलं. चालतं म्हणून चालवत राहिलात तर कोरड्या चाकांची टोकं झिजतात. चालतं एवढं कळलं, पुरे. आता साफसफाई होईपर्यंत झोपू द्या त्याला.

पाणकावळा

मी बडोद्याचा. तारकर्लीला स्कूबा शिकलो, त्यानंतर दर हिवाळ्यात कुठे ना कुठे पाण्याखाली असतो. त्यामुळे माझं मत थोडं वेगळं.

आधी ती कड कशासाठी असते ते सांगतो, कारण नव्वद टक्के लोक ती नुसती फिरवून टकटक आवाज ऐकतात. पाण्यात उतरताना कडेवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग काटा कडेवरच्या ज्या आकड्यावर असेल तितकी मिनिटं आपण खाली आहोत. बस. सिलिंडरमध्ये हवा मोजकी, आणि खोलीनुसार किती वेळ राहता येईल याचे तक्ते ठरलेले, त्यामुळे हा हिशेब जिवाचा होता. पुढे कड एकाच बाजूला फिरेल अशी बनवायची पद्धत पडली. धक्का लागून फिरलीच तर घड्याळ वेळ जास्त झाल्याचं दाखवेल आणि माणूस लवकर वर येईल, मरणार नाही. तुमची ६३०९ दोन्हीकडे फिरते, तपासून बघा.

आजकाल मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो. पण माझं म्हणणं एवढंच, की ही वस्तू कामासाठी जन्मली. तिला कपाटात 'जपणं' म्हणजे बैलाला शोकेसमध्ये बांधणं. साफ करा, नवे रबर टाका आणि वापरा. केसवर चार ओरखडे पडले तर तुमचे म्हणून पडतील.

अरबीसमुद्र

वापरा हे ठीक, पण पाण्यात? इतक्या जुन्या रबर रिंगा घेऊन? दहा मीटर खोलीमागे एक वातावरण दाब वाढतो. आतल्या रिंगा चपट्या आणि कडक झालेल्या असतील तर दहा मीटर लांबच राहिले, बेसिनचा नळही पुरतो. या घड्याळाची किल्ली स्क्रूसारखी घट्ट बसते. ती नीट फिरवून बसवली नाही तर १५० मीटरचा तो शिक्का म्हणजे लग्नपत्रिकेवरचा 'आग्रहाचं निमंत्रण'.

पाणकावळा

@अरबीसमुद्र, अहो मी नवे रबर टाका असंच लिहिलंय. आणि दाबाची चाचणी करून घ्या हे राहिलं, ते जोडतो. चाचणी न करता शॉवरखालीसुद्धा नाही, इथवर सहमत.

जनताप्रेमी

जपानी घड्याळांचं कौतुक वाचून मौज वाटली. आपल्या एचएमटीला कोण विचारणार? १९६१ मध्ये बंगळुरात कारखाना सुरू झाला, सिटिझनच्या सहकार्याने. पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळं बाहेर आली. 'जनता' म्हणजे काय घड्याळ होतं! रोज सकाळी किल्ली द्यायची, दिवसभर चाललं पाहिजे, आणि चालायचं. माझ्याकडे एकवीस आहेत. पाण्यात घालत नाही, गरजही पडली नाही.

एकओळ

एकवीस 'जनता' म्हणजे जवळजवळ मतदारसंघ झाला.

फसलेला_अभ्यासू

या धाग्यावर माझी कर्मकहाणी लिहिलीच पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी डोक्यात किडा शिरला की एक जुनी ६१०५ घ्यायची. ही ६३०९ ची आधीची पिढी, १९६८ पासूनची. जपानी साहसवीर नाओमी उएमुरा १९७४ ते ७६ दरम्यान ग्रीनलंडहून अलास्कापर्यंत कुत्र्यांच्या गाडीने एकटा गेला, बारा हजार किलोमीटर. त्याच्या हातात तीच होती. हे वाचून मी पेटलो. ऑनलाइन एकाकडे मिळाली. '१९७२, अतिशय उत्तम स्थिती, एकाच मालकाचे.' फोटो असे की डोळे दिपावेत. पैसे पाठवले.

घड्याळ आलं. रात्री दिवा बंद केला, तर डायल झगमगतेय! हिरवीगार. पहाटे चारला उठलो, तरीही दिसतेय. मी खूश. सकाळी एका जाणत्या मित्राला सांगितलं. तो हसत सुटला. म्हणाला, "अरे, रात्रभर असं चमकणारा रंग, ल्युमिनोवा, आला १९९३ मध्ये. तुझं घड्याळ १९७२ चं आणि रंग एकवीस वर्षांनी धाकटा!"

मग भिंगाखाली पाहिलं. अक्षरं जाड, कडा पसरलेल्या, मिनिटांच्या रेघा एकमेकींपासून सारख्या अंतरावर नाहीत. केस इतकी घासलेली की सगळे कोन गोल झालेले, साबणाच्या वडीसारखे. एकाच मालकाचं म्हणे! आत निदान तीन मालकांचे अवयव असतील.

विकणाऱ्याने फोन घेणं बंद केलं ते आजतागायत. पैसे गेले. शिक्षण झालं म्हणायचं, फी जरा जास्त पडली.

जुनीकिल्ली

@फसलेला_अभ्यासू, तुमचा तो मित्र जपून ठेवा.

परदेशातल्या संग्राहकांत अशा मालाला 'मुंबई स्पेशल' असं नावच पडलंय. जुन्या घड्याळाची डायल धुऊन, नव्याने रंगवून, भडक करून विकतात. लाल, निळी, केशरी, कधी मूळ कंपनीने स्वप्नातही न काढलेल्या रंगाची.

अरबीसमुद्र

निषेध! मुंबईचं नाव का? माल कुठला, कारागीर कुठला, आणि शिक्का आमच्यावर.

सराफ्यातलाखवय्या

आमच्याकडे इंदुरी शेवही आता कुठेकुठे बनते. नाव झालं की असंच होतं, सई है भिया.

लष्करकर

मी ग्वाल्हेरची, निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका. घड्याळांच्या रंगावरून बोलणं निघालंय म्हणून दोन शब्द. थोडं शाळेसारखं होईल, सांभाळून घ्या.

जुन्या घड्याळांवर मुख्यतः तीन प्रकारचे चमकणारे रंग सापडतात. सर्वात जुना रेडियमचा. त्यात रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचं मिश्रण असे. किरणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइड चमकायचं. काही वर्षांत ते थकतं, चमक जाते. लोकांना वाटतं रेडियम संपलं. तसं नसतं! रेडियम-२२६ निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. अंधारात काळं पडलेलं जुनं घड्याळही किरणं सोडतच असतं. काच बंद असेल तर बरीचशी आत अडतात. धोका आहे तो झाकण उघडून रंग खरवडण्यात. ती पूड श्वासातून आत गेली की बाहेर निघत नाही. अमेरिकेत डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठात धरायच्या. जबड्याची हाडं झिजून त्यातल्या कित्येकींचा जीव गेला.

१९६० च्या दशकात रेडियम मागे पडत गेलं आणि ट्रिशियम पुढे आलं. ते सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं, म्हणून त्या काळातली घड्याळं आज अंधारात मुकी. स्विस घड्याळ असेल तर डायलच्या तळाशी 'स्विस' शब्दाच्या शेजारी इंग्रजी टी अक्षर दिसतं, ती ट्रिशियमची खूण. तिसरा रंग तो ल्युमिनोवा. त्यात किरणोत्सर्ग नाही, उजेड पिऊन तो परत देतो.

तळ्यातमळ्यात यांचं घड्याळ १९७६ नंतरचं आहे, तेव्हा रेडियमची धास्ती नको. पण इथे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी आजोबांच्या वेळचं चमकत्या काट्यांचं गजराचं घड्याळ असेल, तर कृपा करून घरी उघडू नका.

एकओळ

बाई, गृहपाठ काय?

लष्करकर

@एकओळ, एका ओळीपेक्षा जास्त लिहिणे.

निळी_लाट

आमच्या वडिलांकडे फाव्हर-ल्यूबाचं 'सी चीफ' होतं. नावात समुद्र, तर तेही पाणबुड्याचंच ना? विकायचं आहे.

जुनीकिल्ली

@निळी_लाट, नाही हो. 'सी चीफ', 'सी किंग' ही रोजच्या वापराची घड्याळं. आपल्याकडे लग्नात जावयाला द्यायची ठरलेली वस्तू. नावावर जाऊ नका. मात्र याच कंपनीने १९६८ मध्ये 'बाथी' नावाचं एक अफाट घड्याळ काढलं होतं. त्याच्या पाठीला भोकं, भोकांतून पाणी आत शिरून एका पातळ पडद्यावर दाबतं, आणि त्या दाबावर डायलवरचा वेगळा काटा हलून खोली दाखवतो. बॅटरी नाही, काही नाही. ते मिळालं तर मला आधी फोन करा, मग बायकोला.

तळ्यातमळ्यात

सगळ्यांचे आभार. आता एक कोडं. झाकणावरचा नंबर ८३ ने सुरू होतो. यावरून साल कळतं का? मामी म्हणते ते सिंगापूरहून आणलं होतं, साल आठवत नाही.

जुनीकिल्ली

कळतं, पण अर्धवट. सिकोचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा. ८ आणि ३ म्हणजे आठ साल, मार्च महिना. पण कुठलं दशक? ही घड्याळं १९७६ ते ८८ पर्यंत बनली, तेव्हा १९७८ ही होऊ शकतं आणि १९८८ ही. मामींना एखादा प्रसंग आठवतोय का विचारा. लग्न, मुंज, कोणाची बदली.

आणि वाराच्या चकतीकडे बघा. तारखेशेजारी वार येतो ना, त्यात किल्ली अर्धवट ओढून फिरवलीत तर इंग्रजीनंतर दुसऱ्या भाषेतला वार येईल. कुठली भाषा आहे?

तळ्यातमळ्यात

पाहिलं. दुसरी भाषा... अरबी दिसतेय. उजवीकडून डावीकडे.

अरबीसमुद्र

आयला. मग सिंगापूर नाही. अरबी चकतीचं घड्याळ आखाती देशांच्या बाजारासाठी असतं. मामा दुबई किंवा कुवेतच्या बंदरात उतरले असणार.

सराफ्यातलाखवय्या

मामीला सिंगापूर सांगितलं आणि उतरले दुबईत. भिया, हा आता घड्याळाचा धागा राहिला नाही.

एकओळ

तळ्यातमळ्यात साहेब, मामीला ही चकती दाखवू नका.

पाणकावळा

तोवर सिकोचीच एक गोष्ट सांगतो, माझी आवडती.

१९६८ मध्ये हिरोशिमाजवळच्या कुरे गावच्या एका पाणबुड्याने सिकोला तक्रारीचं पत्र लिहिलं. तुमची घड्याळं आमच्या कामात टिकत नाहीत, म्हणाला. ही माणसं तीनशे-साडेतीनशे मीटरवर काम करायची, दिवसचे दिवस दाबाच्या खोलीत राहायची आणि हेलियम मिसळलेली हवा घ्यायची. हेलियमचा अणू इतका बारीक की रबराला न जुमानता घड्याळात शिरतो. मग वर येताना बाहेरचा दाब कमी झाला की आतला हेलियम बाहेर पडायला धडपडतो आणि काच उडवून देतो.

स्विस मंडळींनी यावर झडप काढली. हेलियम आत येऊ दे, जाताना झडपेतून जाऊ दे. रोलेक्सने १९६७ मध्ये, डोक्साने १९६९ मध्ये. सिकोने उलटा विचार केला. आत येऊच का द्यायचा? सात वर्षं खपून १९७५ मध्ये त्यांनी ६०० मीटरचं टायटॅनियमचं घड्याळ काढलं, एल आकाराच्या गॅस्केटचं, झडपेविना. बाहेर एक संरक्षक कवच, म्हणून लोक त्याला ट्यूना माशाचा डबा म्हणतात. पट्टासुद्धा चुण्या पाडलेला. खोलवर गेलं की पाणबुड्याचा रबरी सूट दाबाने चपटा होतो आणि पट्टा सैल पडतो, तो या चुण्या आवरून धरतात.

एका माणसाच्या तक्रारीवर सात वर्षं! आपल्याकडे तक्रार क्रमांक मिळतो.

जुनीकिल्ली

@पाणकावळा, सुंदर. आणि त्या चुणीदार पट्ट्याचाच भाऊबंद तळ्यातमळ्यात यांच्या हातात तुटला. तो टाकू नका! तुकडे पाकिटात घालून ठेवा. घालायला २२ मिलिमीटरचा नवा पट्टा घ्या, कुठेही मिळेल.

फसलेला_अभ्यासू

मला एक पडलेला प्रश्न. इतकं स्वच्छ घड्याळ इंदुरातच कसं राहिलं? मी मुंबईत जी पाहिली त्यांच्या डायलवर हटकून बुरशीचे काळे ठिपके होते.

अरबीसमुद्र

आमची हवा. चार महिने पावसाळा आणि आठ महिने घाम. काट्यांवरच्या रंगाला ओल लागली की तो काळवंडतो, सुटून पडतो. समुद्रासाठी बनवलेल्या घड्याळाला समुद्रकाठच मानवत नाही, काय म्हणायचं.

सराफ्यातलाखवय्या

आमची माळव्याची हवा! कोरडी, रात्री गार. पूर्वीची म्हण आहे, 'मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर'. नीर पुढे गायब झालं ते वेगळं. घड्याळाचं भलं झालं.

तळ्यातमळ्यात

मंडळी, सालाचा निकाल लागला!

काल संध्याकाळी मामीला जुने प्रसंग विचारत बसलो. काही केल्या आठवेना. मग मी सहज म्हणालो, "मामाने हे कधी पाण्यात घातलं होतं का?" त्यावर ती खुदकन हसली. म्हणाली, "एकदाच. बादलीत."

नर्मदेचं पाणी इंदुरात आलं तेव्हाची गोष्ट. सत्तरच्या आंदोलनापासून गावाने त्या पाण्याची वाट पाहिली होती. जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपांनी चढवून आणलेलं पाणी रामबागेतल्या नळाला पहिल्यांदा आलं, तेव्हा मामा सुट्टीवर होते. आजीने नळाची पूजा केली, बादली भरली. मामांनी मनगटावरचं हे नवंकोरं घड्याळ काढलं, किल्ली घट्ट फिरवली आणि सगळ्या पोरांसमोर बादलीत सोडलं. कड फिरवून पाच मिनिटं लावली. वाड्यातली वीस-पंचवीस माणसं बादलीभोवती. पाच मिनिटांनी बाहेर काढलं, तर सेकंदकाटा फिरतोय. टाळ्या! आजी म्हणाली, "नर्मदेचं स्नान झालं, आता पुन्हा भिजवू नकोस." मामांनी ते तंतोतंत पाळलं. बोटीवर दुसरं घड्याळ वापरायचे, हे घरी.

नर्मदेचं पाणी इंदुरात आलं १९७८ मध्ये. म्हणजे घड्याळ मार्च १९७८ चं.

लष्करकर

वा! पुरावा म्हणून याहून चांगला काय हवा. वाचून डोळ्यांत पाणी आलं, नर्मदेचं नसलं तरी.

जुनीकिल्ली

दीडशे मीटरच्या घड्याळाचा आयुष्यातला एकमेव गोता एक फुटाचा. आता मी ठामपणे सांगतो, केसला हात लावायचा नाही. या केसच्या वरच्या भागावर मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघांचं फिनिश असतं आणि बाजू चकचकीत. पॉलिशच्या चाकावर धरलं की दोन्हीतला फरक पुसला जातो, तो कोणालाही परत आणता येत नाही. डायल तीच, काटे तेच, कड तीच. फक्त मशीन उघडून धुणं, तेल आणि सगळ्या रबर रिंगा नव्या. कारागिराला हे कागदावर लिहून द्या.

पाणकावळा

मी माझं 'वापरा' मागे घेत नाही. पण बादलीच्या गोष्टीनंतर आवाज जरा खाली आणतो.

जनताप्रेमी

मीही. पण हेच एचएमटी असतं तर बादलीची गरजच पडली नसती.

एकओळ

बरोबर, पहिल्या थेंबालाच निकाल लागला असता.

तळ्यातमळ्यात

शेवटचं कळवतो.

राजवाड्यामागच्या एका गल्लीत एक म्हातारे घड्याळवाले सापडले. डोळ्याला भिंग लावून झाकण उघडलं, दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "इसको किसीने खोला ही नहीं है अब तक." मी लिहून नेलेला कागद पुढे केला. तो न वाचताच ते म्हणाले, "पॉलिश नहीं करूँगा, पहले बोल देता हूँ." तिथेच घड्याळ ठेवून आलो. तीन आठवड्यांनी मिळालं. दिवसाला वीस सेकंद पुढे जातंय, ते म्हणाले थोडं वापरलं की बसेल. दाबाची चाचणी करायचं यंत्र त्यांच्याकडे नाही, त्यामुळे पाण्यापासून लांबच. आजीचा शब्द तसाही आहेच. ऑफिसला घालून जातो आणि मामी कुकर लावते तेव्हा कड फिरवून देतो.

बायकोने विकण्याचा विषय काढलेला नाही.

आणि हो, न राहवून मामीला अरबी चकती दाखवली. म्हटलं, मामी, हे सिंगापूरचं नाही, दुबईकडचं आहे. ती शांतपणे म्हणाली, "मग सिंगापूरचं माझं असेल. लेडीज. ते कपाटात खाली आहे."

जुनीकिल्ली

फोटो!

अरबीसमुद्र

मामींना म्हणावं, कोणालाही पॉलिश करू देऊ नका.

एकओळ

नवीन धागा काढा.